दूध तोडल्यावर येणारं दुखणं

तान्हं मूल अंगावर पितंय तोवर गुटगुटीत असतं. काही महिन्यांनी आई त्याचं दूध तोडते, गाईचं दूध सुरू होतं, आणि थोड्याच आठवड्यांत तोंडाभोवती लाल चट्टे उठतात. मग डोळ्यांच्या कडा, हातापायांची बोटं, शीची जागा. चट्ट्यांना पाणी सुटतं, त्यावर खपल्या धरतात. केस झडतात, भुवयासुद्धा राहत नाहीत. जुलाब थांबत नाहीत. मूल मान खाली घालून सारखं किरकिरत राहतं, खाणं टाकतं, एक संसर्ग बरा होतोय तोवर दुसरा जडतो. उपचार झाला नाही तर ते वाळत जातं आणि बहुतेक वेळा दगावतं. त्याच घरात पुढचं मूल कधी ठणठणीत निघतं, कधी त्याच वाटेनं जातं. आईबाप मात्र धडधाकट असतात.

थोरे ब्रांट या स्वीडिश डॉक्टरांनी १९३६ साली अशा मुलांविषयी लिहिलं. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच अन्नातले घटक नीट न शोषले जाण्याचा उल्लेख होता, म्हणजे रोख अगदी बरोबर होता. पण नेमका कोणता घटक, ते कळायला आणखी ३७ वर्षं जावी लागली. १९४२ साली नॉर्वेचे नील्स डानबोल्ट आणि कार्ल क्लॉस यांनी या दुखण्याला ‘ॲक्रोडर्मटायटिस एन्टेरोपॅथिका’ हे लांबलचक नाव दिलं. हातापायांच्या टोकांची कातडी आणि आतडी ही दोन्ही त्यात आली. कारण मात्र आलं नाही.

एक गोष्ट घरोघरच्या आयांना आणि पाठोपाठ डॉक्टरांनाही कळून चुकली होती. मुलाला पुन्हा अंगावरचं दूध मिळालं की चट्टे ओसरतात. आईचं आटलेलं असेल तर दुसऱ्या बाईचं दूधही चालतं. हा सगळ्यात मोठा धागा होता, आणि तो सगळ्यांच्या हातात होता. मग १९५३ साली अमेरिकेत डायोडोक्विन नावाचं औषध या मुलांना लागू पडलं. ते अमीबाच्या हगवणीवरचं औषध. कुणाचा तरी अंदाज होता की आतड्यात काही परजीवी असावेत. परजीवी नव्हतेच, तरी मुलं सुधारली. पुढची वीस वर्षं हाच उपचार चालला. पुरता गुण कमीच येई, आणि दीर्घकाळ औषध घेणाऱ्या काही मुलांच्या डोळ्यांच्या नसा निकामी झाल्या. पण दुसरं काहीच हाताशी नसताना ते टाकणार कोण?

आता जस्ताकडे वळू. सजीवांना जस्त लागतं हे फार जुनं ज्ञान आहे. लुई पाश्चरचे शिष्य ज्यूल रोलँ यांनी १८६९ मध्ये दाखवलं की काळी बुरशी जस्ताशिवाय नीट वाढत नाही. १९३४ मध्ये विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी उंदरांच्या बाबतीत तेच सिद्ध केलं. १९४० मध्ये केंब्रिजच्या डेव्हिड केलिन आणि थॅडियस मान यांना रक्तातल्या कार्बोनिक अनहायड्रेज या विकरात जस्त सापडलं. तरीही माणसाला जस्ताची कमतरता होऊच शकत नाही, असं वैद्यकात सर्रास मानलं जाई. धान्यात जस्त, डाळीत जस्त, मांसात जस्त. मग उणीव होईल कशी?

हा समज मोडला बिहारमधल्या बक्सरच्या आनंद प्रसाद यांनी. पाटण्याला डॉक्टर होऊन, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात संशोधन करून ते १९५८ मध्ये इराणमधल्या शिराझला गेले. तिथं त्यांच्यापुढे २१ वर्षांचा एक रुग्ण आला. दिसायला तो दहा वर्षांचा पोरगा वाटे. दाढी-मिशी नाही, लैंगिक वाढ झालेली नाही, यकृत आणि प्लीहा सुजलेली, अंगात रक्त नाही. खाणं म्हणजे निव्वळ गव्हाची रोटी, आणि रोज अर्धा किलोच्या आसपास माती. असे आणखीही रुग्ण त्यांना भेटले. रक्त कमी असण्याचं कारण लोहात होतं हे उघड होतं, पण लोहाच्या कमतरतेनं कुणाची वाढ अशी खुंटत नाही. प्रसाद यांनी मूलद्रव्यांची आवर्तसारणी समोर घेतली आणि लोहाच्या शेजारपाजारच्या धातूंवर विचार केला. १९६१ मध्ये त्यांनी हे रुग्ण जगापुढे मांडले. पुढे इजिप्तमध्ये जाऊन किरणोत्सारी जस्ताच्या साह्यानं अशा मुलांच्या शरीरातलं जस्त मोजलं, आणि कमतरता सिद्ध झाली. जस्त दिल्यावर त्यांच्यातली काही मुलं वर्षभरात पाच-सहा इंच वाढली.

प्रसाद यांच्या कामातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग असा, की त्या रोटीत जस्त होतंच. पण बिनआंबवलेल्या पिठातलं फायटेट जस्ताला घट्ट धरून ठेवतं, आणि दोन्ही मिळून शौचावाटे निघून जातात. ताटात असणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं, हा भेद त्यांनी जगाच्या गळी उतरवला, आणि तोही वर्षानुवर्षं विरोध सोसून. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं जस्त आवश्यक पोषक द्रव्य मानून प्रौढांसाठी रोजचं १५ मिलिग्रॅमचं प्रमाण ठरवलं ते १९७४ मध्ये.

पण शिराझच्या त्या रुग्णांची अडचण अन्नात होती. दूध तोडल्यावर आजारी पडणाऱ्या तान्ह्या मुलांची अडचण अन्नात नव्हती. गाईच्या दुधात जस्त असतंच.

उत्तराची पहिली चाहूल गोठ्यातून आली. डेन्मार्कमध्ये फ्रीजियन वंशाच्या काळ्या-पांढऱ्या गाईंच्या काही वासरांना जन्मानंतर चार ते आठ आठवड्यांनी तोंडाभोवती आणि पायांवर खपल्या धरत, केस झडत, जुलाब लागत, आणि ती चार महिन्यांच्या आत मरत. १९७१ मध्ये तिथल्या पशुवैद्यांनी छापून टाकलं की या वासरांना जस्त पाजलं की ती बरी होतात, आणि जस्त थांबवलं की दुखणं पुन्हा उचल खातं. वर्णन शेजारी शेजारी ठेवून वाचलं तर वासरू कोणतं आणि मूल कोणतं ते सांगता येऊ नये. पण बालरोगतज्ज्ञ पशुवैद्यकाची नियतकालिकं चाळत नसत.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या मुलांच्या रुग्णालयात एडमंड मॉयनाहन हे त्वचारोगतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे जेमतेम दोन वर्षांची एक मुलगी दाखल होती. डायोडोक्विन चालू होतं. कोणतंच दूध सोसत नाही म्हणून दुधातली साखर वगळून कृत्रिम आहार सुरू केला होता, तरी ती सुधारत नव्हती. कुठला पदार्थ तिला बाधतो याचा शोध चालला होता. त्या ओघात रक्तातलं जस्त मोजलं, तर ते फारच खाली गेलेलं. डॉक्टरांना वाटलं, कृत्रिम आहारात जस्त कमी पडलं असेल. मूळ तपासात त्याची लुडबूड नको, म्हणून ते आधी भरून काढू. तिला झिंक सल्फेट पाजायला सुरुवात केली.

कातडी भरून आली. जुलाब थांबले. पोरगी खाऊ लागली.

मग एक चूक झाली. आहार बदलताना जस्त द्यायचं अनवधानानं राहून गेलं, आणि आजार जसाच्या तसा परतला. जस्त पुन्हा सुरू केल्यावर पुन्हा ओसरला. मुद्दाम करायला कुणी धजलं नसतं असा प्रयोग त्या विसरण्यानं करून दाखवला. १९७३ मध्ये मॉयनाहन आणि त्यांचे सहकारी बार्न्स यांनी हे छापलं तेव्हाही दोष आहारावरच टाकला होता. नंतर मात्र मॉयनाहन यांनी या आजाराच्या इतर मुलांना जस्त देऊन पाहिलं. १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ठामपणे लिहिलं, की ॲक्रोडर्मटायटिस एन्टेरोपॅथिका म्हणजे जस्ताच्या कमतरतेचा आनुवंशिक आणि जीवघेणा आजार. डायोडोक्विनचंही कोडं त्याबरोबर उलगडलं. त्या रेणूला धातू धरून ठेवता येतो, आणि तो जस्ताला आतड्यातून आत जायला हातभार लावत होता. वीस वर्षं मुलं जगली ती औषधाच्या या अनपेक्षित गुणामुळे.

१९७५ मध्ये जर्मन डॉक्टरांनी किरणोत्सारी जस्त देऊन दाखवलं की या रुग्णांच्या आतड्यातून जस्त फारच कमी शोषलं जातं. म्हणजे खोट आतड्याच्या पेशींत होती. पण कशात?

इथं पेशीची रचना लक्षात घ्यावी लागते. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचं पातळ पटल असतं. पाण्यात विरघळलेल्या जस्ताच्या आयनावर विद्युतभार असतो, त्यामुळे या तेलकट पटलातून तो आपसूक पार होऊच शकत नाही. त्याला आत जायला आणि बाहेर पडायला पटलात बसवलेली प्रथिनं हवीत, म्हणजे दारंच. अशी दारं असणार हे १९७५ मध्येही कुणी नाकारलं नसतं, पण एकही दार कुणी पाहिलेलं नव्हतं. पुढची वीस वर्षं रुग्णांना जस्त मिळत राहिलं, मुलं वाढत राहिली, आणि प्रश्न तसाच राहिला. उपचार सापडला की कारणाच्या शोधातली निकड संपते, हे वैद्यकाच्या इतिहासात वारंवार दिसतं.

पहिलं दार सापडलं ते बाहेर जाण्याचं. सिएटलमध्ये रिचर्ड पाल्मिटर मेटॅलोथायोनीन या धातू बांधून ठेवणाऱ्या प्रथिनावर वर्षानुवर्षं काम करत होते. १९८२ मध्ये राल्फ ब्रिन्स्टर यांच्या साथीनं राक्षसी आकाराचे उंदीर घडवून ते प्रसिद्धीला आले होते. त्या उंदरांत वाढीच्या संप्रेरकाचं जनुक मेटॅलोथायोनीनच्या कळीवर चालवलं होतं. पेशीत जस्त जास्त झालं तर मेटॅलोथायोनीन ते बांधून ठेवतं, म्हणजे पेशीचा सगळा बचाव त्याच्यावरच असणार, असं वाटत होतं. पण मेटॅलोथायोनीनची मुख्य जनुकं काढून टाकलेले उंदीरही जगले. तेव्हा जादा जस्त बाहेर काढणारं दुसरं काहीतरी असणारच.

पाल्मिटर आणि सेथ फिंडली यांनी हॅमस्टरच्या मूत्रपिंडाच्या पेशींतून, जस्त थोडं वाढलं तरी मरणाऱ्या पेशी वेगळ्या काढल्या. त्यांत रॅट जातीच्या उंदराच्या मूत्रपिंडातली जनुकं सरसकट सोडली आणि जस्त वाढवलं. बहुतेक पेशी मेल्या. ज्या मोजक्या तगल्या, त्यांना कुठल्या जनुकानं तारलं ते शोधून काढलं. ते जनुक सहा वेळा पेशीपटल आरपार शिवणाऱ्या प्रथिनाचं होतं. १९९५ मध्ये ते छापून आलं, नाव झेडएनटी-१. मूळच्या मरतुकड्या पेशी तपासल्या, तर त्यांच्यातल्या याच जनुकाच्या एका प्रतीत सुरुवातीचा तुकडा गळालेला. सस्तन प्राण्यांत जस्त वाहून नेणारं हे पहिलं ओळखलं गेलेलं प्रथिन.

मग याच घराण्यातली प्रथिनं भराभर सापडत गेली. त्यांतल्या चौथ्याची कथा आपल्या आजाराशी जोडलेली आहे. प्रयोगशाळेत उंदरांचा एक वाण होता, ज्यातल्या माद्यांचं दूध पिऊन कुठलीही पिलं मरत, दुसऱ्या माद्यांची आणून ठेवलेलीसुद्धा. त्या दुधात जस्त कमी असतं हे १९७८ मध्ये कळलं होतं. १९९७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जेन गिट्शियर आणि त्यांच्या सहकारी ह्वांग यांनी दाखवलं की त्या माद्यांत झेडएनटी-४ मोडलेलं आहे. गिट्शियर यांचं लक्ष मग साहजिकच माणसाच्या मुलांकडे गेलं.

पण आत जाण्याचं दार या घराण्यात नव्हतं. झेडएनटी प्रथिनं जस्त पेशीद्रवातून काढतात. पेशीबाहेर सोडतात किंवा पेशीतल्याच एखाद्या कप्प्यात भरतात. उलट दिशेचं घराणं वनस्पतीशास्त्रातून पुढे आलं. मेरी लू गेरिनो आणि डेव्हिड आयडी हे अराबिडॉप्सिस या इवल्याशा रोपट्याची मुळं लोह कशी ओढतात ते पाहत होते. लोह घेता न येणारं यीस्ट घेऊन त्यात त्यांनी रोपट्याची जनुकं घातली, आणि ज्या जनुकानं यीस्ट तगलं ते १९९६ मध्ये जाहीर केलं. यीस्टच्या स्वतःच्या जनुकांत तशीच दोन निघाली. आयडी आणि त्यांचे सहकारी झाओ यांनी तपासलं तर ती लोहाची नव्हतीच, जस्ताची होती. या सगळ्या प्रथिनांच्या घराण्याला झिप म्हणतात.

पिकाला जस्त कमी पडण्याची गोष्ट तोवर आपल्याकडच्या शेतीला नवी राहिली नव्हती. तराईतल्या भातावर पडणारा ‘खैरा’ रोग बुरशीचा किंवा विषाणूचा नसून जस्ताच्या कमतरतेचा आहे, हे पंतनगरच्या कृषी विद्यापीठात यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६० च्या दशकात दाखवलं होतं. झिंक सल्फेट आणि चुन्याची फवारणी हा त्यांचा उपाय शेतकऱ्यांनी उचलून धरला. त्या भाताची मुळं जस्त ज्या प्रथिनांतून घेतात, ती याच घराण्यातली.

आजाराचं जनुक शोधायला गिट्शियर यांच्या गटानं जॉर्डनमधल्या एका कुटुंबाचा आधार घेतला. तिथं नात्यात लग्नं झालेली होती आणि मुलांना हा आजार होता. आईबाप एकाच पूर्वजाचे वंशज असले की आजारी मुलांच्या गुणसूत्रांचा एक तुकडा दोन्हीकडून सारखाच आलेला असतो, तो शोधायचा. २००१ मध्ये तो आठव्या गुणसूत्राच्या टोकापाशी सापडला. पुढच्या वर्षी, २००२ मध्ये, गिट्शियर यांचा गट आणि फ्रान्समधल्या नांतचा सेबास्तियां क्युरी यांचा गट एकाच जनुकाशी पोहोचले. ते झिप घराण्यातल्या चौथ्या प्रथिनाचं होतं. आजारी मुलांत त्यात बिघाड होता. आईबापांकडे एक प्रत चांगली होती, म्हणून ते धडधाकट. १९३६ मध्ये ब्रांट यांनी ज्या शोषणाकडे बोट दाखवलं होतं, ते याच प्रथिनातून होतं.

झिप-४ आठ वेळा पटल ओलांडतं. लहान आतड्याच्या पेशीच्या ज्या अंगाला अन्न असतं, त्या अंगाला ते बसतं. आहारात जस्त कमी झालं की ते पृष्ठभागावर वाढतं. जस्त मुबलक झालं की पेशी ते आत ओढून घेते आणि मोडून टाकते. जस्त आत आलं की पेशीच्या दुसऱ्या अंगाला, रक्ताच्या बाजूला, झेडएनटी-१ ते बाहेर सोडतं, आणि रक्तातलं अल्ब्युमिन ते उचलतं. त्या दोघांमधल्या प्रवासात जस्त सहसा मोकळं फिरत नाही. थॉमस ओ’हॅलोरन यांच्या गटानं २००१ मध्ये जिवाणूत मोजून दाखवलं, की पेशीत मोकळा म्हणावा असा जस्ताचा एक आयनही टिकत नाही. माणसाच्या शरीरात एकूण दोन ते तीन ग्रॅम जस्त असतं आणि आपल्या प्रथिनांपैकी सुमारे दहा टक्के ते धरून असावीत असा अंदाज आहे. माणसात झिपची चौदा आणि झेडएनटीची दहा प्रथिनं आता ओळखीची झाली आहेत, आणि बहुतेकांना आपापली जागा आहे. स्वादुपिंडात इन्शुलिनचे स्फटिक जमवण्यासाठी जस्त पुरवणारं झेडएनटी-८ ग्रनोबलच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं, आणि तीनच वर्षांत मधुमेहाच्या अभ्यासात ते आघाडीवर आलं.

२००४ मध्येच आयडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांत सापडलेले बिघाड एकेक करून उंदराच्या झिप-४ मध्ये घातले. काही बिघाडांत प्रथिन तयार होतं, पण पटलापर्यंत पोहोचतच नाही. पेशीच्या आत अडकून पडतं. काहींत ते जागेवर बसतं, पण जस्त पुरेसं ओढत नाही. मुलामुलांत आजाराची तीव्रता वेगवेगळी का, याचा काही भाग यातून समजतो. दोन वर्षांनी, २००६ मध्ये, त्या वासरांचंही निदान झालं. त्यांच्यातही झिप-४ चंच जनुक बिघडलेलं निघालं.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातून आणखी एक शोध आला. काही मुलांना असेच चट्टे उठतात, पण अंगावर पीत असतानाच, आणि दूध तोडल्यावर ती आपोआप बरी होतात. या मुलांचं झिप-४ शाबूत असतं. बिघाड आईच्या झेडएनटी-२ मध्ये असतो. तिच्या स्तनातल्या पेशी दुधात जस्त पुरेसं सोडू शकत नाहीत. आईच्या रक्तातलं जस्त अगदी व्यवस्थित असतं. तिला जस्ताच्या गोळ्या देऊन काही उपयोग होत नाही. जस्त बाळालाच द्यावं लागतं. सगळ्या मुलांवर गुणकारी ठरलेल्या आईच्या दुधाला असाही एक अपवाद असतो, हे डॉक्टरला माहीत असेल तर घरच्यांची उगाचची पळापळ वाचते.

झिप-४ बिघडलेल्या मुलांवर आजचा उपचार मॉयनाहन यांच्या काळचाच आहे. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे सुरुवातीला साधारण तीन मिलिग्रॅम जस्त रोज, आणि तेही आयुष्यभर. मोठी मात्रा दिली की थोडं जस्त दुसऱ्या, कमी ताकदीच्या वाटांनी आत शिरतं आणि तेवढं पुरतं. मधूनमधून रक्तातलं तांबं तपासावं लागतं, कारण फार जस्त दिलं तर आतड्यात मेटॅलोथायोनीन वाढतं आणि ते तांबं अडवून धरतं. जस्ताचा उपाय सापडण्याआधी या आजाराच्या ज्या बायका वयात येऊन गरोदर राहिल्या, त्यांच्या सात गरोदरपणांचा हिशेब मायकेल हॅम्बिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडला होता. त्यांतला एक गर्भ पडला आणि दोन बाळं गंभीर व्यंग घेऊन जन्मली. आता गरोदरपणात रक्तातलं जस्त वरचेवर तपासून मात्रा वाढवली जाते, आणि या बायकांना निरोगी मुलं होतात.